खर्जाच्या चार तारा : जुन्या बेस गिटारींचा संग्रह आणि जपणूक

नव्या वाद्यापेक्षा जुन्याला मोल अधिक. मात्र वाद्यासोबत त्याची हकीकतही जपली तरच

श्रीगोंदा - वरातीतला बँजो, यात्रेतला ऑर्केस्ट्रा आणि उत्सवातील ध्वनिक्षेपकांच्या भिंती यांमुळे 'बेस' हा शब्द तालुक्याच्या गावीही नवा राहिलेला नाही. मात्र हा शब्द ज्या वाद्यावरून घरोघरी पोचला, ती चार तारांची बेस गिटार फारशी कोणी जवळून पाहिलेली नसते. ऑर्केस्ट्राच्या मंचावर ती मागच्या रांगेत असते, तिच्या वादकाचे नाव निवेदक क्वचितच घेतो आणि कीबोर्डवर खर्जाचे सूर काढण्याची सोय झाल्यापासून अनेक मंचांवरून ती दिसेनाशीही झाली आहे. दुसरीकडे, १९५० आणि १९६० च्या दशकांत बनलेल्या याच वाद्यांसाठी जगभरातील संग्राहक लाखो रुपये मोजतात. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर हे वाद्य काय आहे, जुने वाद्य ओळखतात कसे आणि आपल्याकडे ते टिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे पाहायला हवे.

खर्जाचे काम

तंबोऱ्यात खर्जाच्या तारेचे जे स्थान, तेच पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात बेस गिटारीचे. गाण्याची चाल तिच्यावर वाजत नाही. चालीखालची जमीन ती तयार करते. ताल आणि सूर यांना बांधून ठेवणारे हे वाद्य आहे. ढोलकी किंवा ड्रम ठेका धरतात, गिटार आणि व्हायोलिन सुरावट खुलवतात, आणि या दोहोंमधली जागा बेस गिटार भरून काढते.

नेहमीच्या बेस गिटारीला चार तारा असतात. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा त्या एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ९८ असते. इतका खालचा सूर छोट्या ध्वनिक्षेपकातून बाहेर पडत नाही. गेल्या शतकात गावोगावी चित्रपटगीते ऐकली गेली ती प्रामुख्याने ट्रान्झिस्टरवर. त्याच्या तळहाताएवढ्या कर्ण्यातून बेस गिटारीचा मूळ सूर जवळजवळ येतच नसे. येत ती त्याची वरची उपस्वरे. माणसाचा कान या उपस्वरांवरून मूळ सुराचा अंदाज बांधतो. त्यामुळे हे वाद्य लाखो श्रोत्यांना जाणवत राहिले, पण वेगळे असे ऐकू आले नाही. त्याच्या उपेक्षेचे एक कारण भौतिकशास्त्रातच आहे.

फुलर्टनपासून पुढे

विजेवर चालणाऱ्या बेस वाद्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतील सिएटल शहरात पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात केला. त्यांच्या ऑडिओव्हॉक्स कंपनीचे हे वाद्य बाजारात रुजले नाही. खरी सुरुवात झाली ती १९५१ मध्ये. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी त्या वर्षी 'प्रिसिजन बेस' हे वाद्य आणले. त्याआधी खर्जासाठी माणसापेक्षा उंच असा डबल बेस वापरला जाई. तो वाहून नेणे जिकिरीचे होते आणि मोठ्या वाद्यमेळात त्याचा आवाज दबून जाई. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने सूर नेमका लागण्यासाठी दीर्घ रियाज लागे. फेंडर यांनी दांडीवर सतारीच्या पडद्यांसारखे, पण पक्के बसवलेले धातूचे फ्रेट दिले. बोट फ्रेटमागे पडले की सूर नेमका लागणार, म्हणून नाव 'प्रिसिजन'. तारांची कंप पावणारी लांबी ३४ इंच ठरवण्यात आली. आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या असतात.

याच वाद्याचे रूप १९५७ मध्ये बदलले. तारांची कंपने पकडणारे पिकअप दोन तुकड्यांत विभागले गेले आणि आज ओळखीचा असलेला आकार पक्का झाला. त्यानंतर १९६० मध्ये फेंडरने दोन पिकअपचा आणि निमुळत्या दांडीचा 'जॅझ बेस' आणला. गिब्सन कंपनीने १९५३ मध्येच आपला पहिला विद्युत बेस काढला होता. पुढे १९६१ मध्ये 'ईबी-३' आणि १९६३ मध्ये 'थंडरबर्ड' आले. रिकनबॅकरचा '४००१' हा नमुना १९६१ चा. जर्मनीतील हॉफनर कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यास व्हायोलिनच्या आकाराचा पोकळ बेस बनवला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तो विकत घेतला आणि हे वाद्य जगप्रसिद्ध झाले.

संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९६५ हे होय. त्या वर्षीच्या जानेवारीत फेंडर कंपनी अमेरिकेतील सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे उत्पादन वाढले आणि कारागिरीची पकड सैल झाली, अशी भावना वादकांमध्ये रुजली. १९८५ मध्ये कंपनीच्याच व्यवस्थापनातील मंडळींनी ती परत घेतली. मधल्या काळातील सगळीच वाद्ये वाईट होती असे नाही. परंतु 'सीबीएसपूर्व' हा शिक्का बसला की किंमत चढते, ही बाजाराची रीत झाली आहे.

मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत

महाराष्ट्रात हे वाद्य आले ते मुंबईमार्गे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा होता. चर्चशी जोडलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेली ही मंडळी कागदावरचे संगीत पाहून थेट वाजवू शकत. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावे आता अभ्यासकांना परिचित आहेत. या वाद्यवृंदांत खर्जाची बाजू आधी डबल बेस सांभाळी. १९६० च्या दशकात विद्युत गिटार आणि ड्रमचा जोर वाढला, तसा बेस गिटारीनेही शिरकाव केला. 'तीसरी मंझिल' (१९६६) या चित्रपटाच्या संगीतापासून राहुलदेव बर्मन यांनी जो नवा ध्वनी रूढ केला, त्याचा एक आधारस्तंभ म्हणजे ठळक खर्ज. त्यांच्या वाद्यवृंदातील बेसवादक म्हणून टोनी वाझ यांचे नाव घेतले जाते. चरणजित सिंग हे असेच चित्रपटसृष्टीत गिटार, बेस आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. १९८० च्या दशकारंभी त्यांनी रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून केलेली तबकडी अनेक वर्षे विस्मरणात गेली आणि एकविसाव्या शतकात जगभर पुन्हा ऐकली गेली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रपटांबाहेरही हे वाद्य वाजत होते. मुंबईत 'द जेट्स', 'द सॅव्हेजेस' यांसारखे तरुणांचे बीट ग्रुप निघाले. 'सिम्ला बीट' या स्पर्धेतील निवडक गटांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. पुढे याच धर्तीचे वाद्यमेळ ऑर्केस्ट्राच्या रूपाने जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी पोचले. यात्रेच्या हंगामात तमाशाच्या फडांनीही ढोलकी-तुणतुण्याच्या जोडीला विद्युत वाद्ये घेतली.

ही वाद्ये येत कोठून, हा प्रश्न संग्राहकासाठी कळीचा आहे. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी परदेशी वाद्ये आयात करणे अवघड आणि महाग होते. जहाजांवर नोकरी करणारे गोव्याचे तारवटी, परदेशातून परतणारे नातेवाईक आणि येथून मायदेशी जाताना आपले सामान विकणारे परदेशी रहिवासी, हेच अनेकांचे मार्ग होते. मुंबईत धोबी तलावाजवळच्या फुर्तादोससारख्या, १८६५ पासूनच्या वाद्यविक्रेत्यांकडे वादकांची ये-जा असे. ज्यांना परदेशी वाद्य परवडत नसे ते कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी बनावटीकडे वळत, किंवा स्थानिक सुताराकडून दांडी आणि धड घडवून घेऊन त्यावर मिळतील ते सुटे भाग बसवत. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाद्यांत मिश्रण फार आढळते. दांडी एका कंपनीची, पिकअप दुसरीचे आणि खुंट्या तिसरीच्या, असे वाद्य परदेशी बाजारात कमी मोलाचे ठरते. येथील संगीताचा इतिहास जाणून घेऊ पाहणाऱ्याला मात्र तेच वाद्य अधिक काही सांगून जाते.

वय ओळखण्याच्या खुणा

जुन्या बेस गिटारीचे वय ठरवताना एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. फेंडरचा क्रमांक १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत दांडी जेथे धडाला स्क्रूने जोडलेली असते, तेथील धातूच्या पट्टीवर कोरलेला असे. कारखान्यात या पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा उचलल्या जात. त्यामुळे क्रमांक वाद्याच्या क्रमाने जात नाहीत. १९६५ च्या अखेरीपासून पट्टीवर मोठे 'एफ' अक्षर दिसू लागते. १९७६ पासून क्रमांक माथ्यावर, म्हणजे खुंट्यांच्या भागावर आला. पट्टी चार स्क्रू काढून बदलता येते, हे लक्षात ठेवलेले बरे.

अधिक भरवशाची खूण दांडीच्या टोकाशी, धडात बसणाऱ्या भागावर मिळते. तेथे १९६२ पर्यंत पेन्सिलीने आणि त्यानंतर शिक्क्याने तारीख टाकलेली असे. ही तारीख दांडी तयार झाल्याची. वाद्य जोडले गेल्याची नव्हे. दोहोंत काही महिन्यांचे अंतर असू शकते.

तिसरी खूण आवाजाच्या कळीखाली दडलेली असते. आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर सहा किंवा सात आकडे छापलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याची ओळख, पुढचा एक किंवा दोन आकडे वर्ष आणि शेवटचे दोन आठवडा सांगतात. उदाहरणार्थ, १३७६६१२ हा क्रमांक असेल, तर तो भाग सीटीएस या कंपनीने १९६६ च्या बाराव्या आठवड्यात बनवला. वाद्य त्याहून जुने असू शकत नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. नवे असू शकते. फेंडरने १९६६ मध्ये या भागांचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षे वापरला गेला. शिवाय हा पुरावा ग्राह्य धरायचा तर सोल्डरिंग मूळचे हवे. पुन्हा डाग दिलेला दिसला की पोटेन्शिओमीटर बदलला असण्याची शक्यता गृहीत धरावी.

लाकूड आणि रंगही बोलतात. प्रिसिजन बेसच्या दांडीवर १९५९ पर्यंत मेपलचीच पट्टी होती; त्या वर्षी काळपट शिसवीची पट्टी आली. १९६२ च्या मध्यापर्यंत ही पट्टी जाड आणि खालून सपाट असे, नंतर ती पातळ व वक्र झाली. दांडीच्या टोकाकडून पाहिले की हा फरक डोळ्यांना दिसतो. रंगकामात १९६८ च्या सुमारापर्यंत नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असे. तो काळानुसार पिवळसर होतो, थंडी-उन्हाने त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि हात घासला जातो तेथे तो झिजतो. त्यानंतरचा पॉलिएस्टरचा थर जाड आणि काचेसारखा असतो. सुरुवातीचे अनेक खास रंग मोटारगाड्यांच्या रंगांच्या यादीतून उचललेले होते. आता जुनेपणाच्या या सर्व खुणा कृत्रिमरीत्याही करतात. म्हणून भेगा आहेत एवढ्यावर न थांबता, त्या ज्या ठिकाणी हात किंवा पट्टा घासला जातो त्याच ठिकाणी झीज आहे का, हे पाहिले जाते.

मूळपण की वापर?

संग्राहकांच्या बाजारात मूळपणाला सर्वाधिक मोल आहे. एकदा पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत तशाच मूळ रंगाच्या वाद्याच्या सुमारे निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ आडाखा आहे. नवे पिकअप बसवण्यासाठी लाकूड कोरले असेल, तर घसरण आणखी होते. परंतु ज्यांच्या हातून ही वाद्ये मोठी झाली त्या वादकांनी मूळपणाची पर्वा क्वचितच केली.

अमेरिकेचा जॅको पास्टोरियस याने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून टाकले आणि पट्टीवर बोटींसाठी वापरतात तशा इपॉक्सीचा थर दिला. कलेच्या दृष्टीने हा बदल क्रांतिकारक ठरला. संग्राहकाच्या नियमाने पाहिले तर तो वाद्याचा नाश होता. पुढे हे वाद्य तुकडे झालेल्या अवस्थेतून दुरुस्त झाले, १९८६ मध्ये न्यूयॉर्कला चोरीस गेले आणि दोन दशकांनी पुन्हा दिसले. 'मेटॅलिका'च्या रॉबर्ट ट्रुहियो याने २०१० मध्ये पुढाकार घेतला, तेव्हा मालकीचा वाद मिटला. या वाद्याची किंमत त्याच्या मूळ भागांत नाही, ते कोणाच्या हातात होते यात आहे.

जेम्स जेमरसनची हकीकत अधिक बोलकी आहे. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत त्याचा १९६२ चा प्रिसिजन बेस वाजला. पण तबकड्यांवर त्याचे नाव छापले जात नसे. मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर वादकांची नावे आली, तेव्हा तो रसिकांना नावाने कळला. ऑगस्ट १९८३ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या काहीच दिवस आधी त्याचे ते वाद्य चोरीस गेले होते.

याच्या उलट घडले मॅकार्टनी यांच्या पहिल्या हॉफनरबाबत. लंडनच्या नॉटिंग हिल भागातून ऑक्टोबर १९७२ मध्ये ती चोरीस गेली. २०२३ मध्ये शोधमोहिमेला प्रसिद्धी मिळाली, लोकांनी माहिती कळवली आणि एका घराच्या माळ्यावर पडून असलेले वाद्य सापडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मालकाकडे परत आल्याचे जाहीर झाले. छायाचित्रे, खरेदीची हकीकत आणि जाणत्यांच्या नोंदी उपलब्ध होत्या, म्हणून ओळख पटवता आली. नोंद नसती तर माळ्यावरची ती केवळ एक मोडकी गिटार ठरली असती.

मुंबईच्या वादकांची स्थिती जेमरसनसारखीच होती. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे असत. वादकांची सहसा नसत. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हे पुस्तक वादकांच्या मुलाखतींवर उभे राहिले आणि 'पंचम अनमिक्स्ड' (२००८) या माहितीपटानेही अनेकांना बोलते केले. वादकांची नावे अशी उशिरा का होईना नोंदली गेली. त्यांच्या वाद्यांची नोंद मात्र बहुतांशी घराघरांतच राहिली आहे. १९९० च्या दशकात संगणकावर आणि कीबोर्डवर संगीत जुळवण्याची पद्धत रूढ झाली, मोठे वाद्यवृंद संपले आणि वादकांबरोबर वाद्येही निवृत्त झाली. काही विकली गेली, काही शिष्यांकडे गेली, काही माळ्यावर पडली. मालक गेल्यावर घरच्यांना वाद्य दिसते, त्यामागची हकीकत दिसत नाही. ती हरवली की वाद्य जुन्या सामानाच्या भावाने जाते.

शिसव आणि कायदा

या वाद्याचे भारताशी असलेले एक नाते लाकडाचे आहे. प्रारंभी अमेरिकी गिटारींत ब्राझीलची शिसव वापरत. ब्राझीलने कच्च्या ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर तेथील उद्योग भारतीय शिसवीकडे वळला. मार्टिन या प्रख्यात कंपनीने १९६९ मध्ये हा बदल केला. म्हणजे परदेशातून आपल्याकडे आलेल्या कित्येक वाद्यांच्या पट्टीचे लाकूड मुळात दक्षिण भारतातील जंगलांतले आहे.

याच लाकडामुळे कायद्याचा प्रश्न येतो. ब्राझीलच्या शिसवीला वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये १९९२ पासून सर्वांत कडक संरक्षण आहे. तिचे वाद्य देशाबाहेर विकायचे तर परवाने लागतात. शिसवीच्या इतर जाती २ जानेवारी २०१७ पासून या कराराच्या कक्षेत आल्या आणि वादकांची मोठी अडचण झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला ही सूट नाही.

आयातीचे नियमही जाणून घ्यावेत. भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात सर्वसाधारणपणे निर्बंधित गटात मोडते आणि तिला विदेश व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. परदेशातील संकेतस्थळावर जुने वाद्य विकत घेऊन टपालाने मागवले आणि ते सीमाशुल्क विभागात अडकले, असे होऊ शकते. दुसरीकडे, पुरावस्तूविषयीच्या १९७२ च्या कायद्याचे संरक्षण या वाद्यांना नाही. त्या कायद्यासाठी वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते आणि जगातील एकही बेस गिटार अद्याप तेवढी जुनी नाही. ती जपण्याची जबाबदारी पूर्णतः मालकाची आहे.

मुंबईची दमट, श्रीगोंद्याची कोरडी हवा

वाद्य कोणत्या हवेत राहिले, यावर त्याचे आयुष्य ठरते. मुंबईच्या दमट, खारट हवेत तारा, खुंट्या आणि ब्रिज गंजतात, लाकूड फुगते. श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. येथील उन्हाळा कडक आणि कोरडा. मुंबईत वर्षानुवर्षे राहिलेले वाद्य एप्रिल-मे महिन्यांत येथे आणले की लाकडातील ओलावा उडतो आणि दांडीची पट्टी आडव्या दिशेने आकसते. धातूचे फ्रेट आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोके बाहेर येऊन हाताला बोचू लागतात. घाबरून ती लगेच घासून टाकू नयेत. पावसाळ्यात लाकूड पुन्हा काहीसे पूर्ववत होते. एक वर्षाचे ऋतुचक्र पाहून मगच दुरुस्ती करावी.

पत्र्याच्या छपराखालची खोली, माळा आणि उन्हात उभी केलेली मोटार ही वाद्य ठेवण्याची सर्वांत वाईट ठिकाणे होत. घराच्या आतल्या भिंतीजवळ, पेटीत, सावलीत वाद्य ठेवावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे उत्तम; ती दाखवणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. बेसच्या जाड तारांचा ताण मोठा असतो. दांडीच्या पोटात बसवलेली ट्रस रॉड ही लोखंडी सळई तो ताण तोलते. वाद्य दीर्घकाळ वाजणार नसेल, तर तारा थोड्या सैल कराव्यात, पूर्ण काढू नयेत. ताण एकदम गेल्यास दांडी उलट दिशेने वाकू शकते. ट्रस रॉड एका वेळी पाव वळणापेक्षा अधिक फिरवू नये आणि ती घट्ट वाटली तर जोर न लावता जाणत्या कारागिराकडे जावे.

कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेले १९६० च्या सुमाराचे पिकगार्ड सेल्युलॉइडचे असत. ते आकसतात, कडांना वळतात आणि त्यातून निघणाऱ्या वाफेने जवळचे धातू गंजतात. अशा वाद्याची पेटी महिन्यातून एकदा उघडून हवा द्यावी. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, हेही ध्यानात ठेवावे.

नोंद हेच भांडवल

जुने वाद्य हाती आले की पहिले काम स्वच्छतेचे नाही, नोंदीचे आहे. सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. क्रमांक, दांडीवरील तारीख आणि पोटेन्शिओमीटरवरील आकडे उतरवून ठेवावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याचे वाद्य होते तो किंवा त्याचे सहकारी हयात असतील, तर त्यांना विचारावे : वाद्य कोणाकडून आणि कोणत्या वर्षी घेतले, कोणत्या वाद्यवृंदात वाजले, काय बदलले आणि का बदलले. जुना फोटो, कार्यक्रमाची पत्रिका किंवा खरेदीची पावती सापडली तर ती पेटीतच ठेवावी. बदललेले मूळ भाग फेकून देऊ नयेत. ते पिशवीत घालून वाद्याबरोबर जपावेत.

प्रत्येक जुनी बेस गिटार लाखमोलाची नसते. श्रीगोंद्यासारख्या गावी एखाद्या बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या पेटीत जे वाद्य मिळेल, ते बहुधा देशी बनावटीचे किंवा सुट्या भागांचे असेल आणि बाजारात त्याला विशेष किंमत येणार नाही. पण ते कोणी, कोठे, किती वर्षे वाजवले हे लिहून ठेवलेले असेल, तर जिल्ह्याच्या मंचीय संगीताचा एक दुवा हाती लागतो. ज्या वादकांची नावे तबकडीवर आणि भित्तिपत्रकावर आली नाहीत, त्यांचे नाव निदान त्यांच्या वाद्याच्या पेटीत तरी असावे.

चौकट : विकत घेण्यापूर्वी

- दांडी एका टोकाकडून डोळा लावून पाहावी. किंचित आत झुकलेली चालते. पीळ पडलेली असेल तर घेऊ नये.
- क्रमांक, दांडीवरील तारीख आणि पोटेन्शिओमीटरचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे तपासावे. एकच खूण पुरेशी मानू नये.
- मालकाच्या परवानगीखेरीज स्क्रू काढू नयेत आणि जुने सोल्डरिंग तर मुळीच उकरू नये.
- धडातील पिकअपखालची पोकळी पाहावी. कडा ओबडधोबड असतील, तर लाकूड नंतर कोरलेले असते.
- माथ्यावरील कंपनीच्या नावाची चिकटचित्रे नकली मिळतात. केवळ नावावर भाव ठरवू नये.
- विक्रेत्याकडून लेखी पावती घ्यावी. चोरीच्या वाद्यांचा इतिहास पाहता ती किमतीइतकीच महत्त्वाची आहे.
- वाद्य ॲम्प्लिफायरला जोडून चारही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहाव्यात. अखेर ते वाजण्यासाठीच बनलेले आहे.